डोंगरासाठी पाच पाने

लिहिण्याचे धाडस करतो आहे, याबद्दल आधी वाचकांची क्षमा मागतो. साठी उलटल्यावर पहिल्यांदा मराठीत लिहायला बसणाऱ्या माणसाकडे निदान सांगण्यासारखा पराक्रम असावा. माझ्याकडे तोही नाही. मी कोणतेही शिखर चढलेलो नाही. तंजावूरच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे भूगोल शिकवला, तोही इंग्रजीत, आणि विद्यार्थी अडले की तमिळमध्ये. घरी आम्ही बोलतो ते मराठी तीनशे वर्षांपूर्वी या गावात आलेल्या माणसांचे आहे आणि वाटेत भेटलेले पुष्कळ तमिळ शब्द त्याने जवळ केले आहेत. देवनागरी अक्षरे मी चाळिशीनंतर, एकट्याने, पुस्तके समोर ठेवून गिरवली. तेव्हा माझे एखादे वाक्य नव्या सदऱ्यातल्या माणसासारखे अवघडून उभे राहिले, तर त्याला सांभाळून घ्यावे.

सांगायचे आहे ते एका हिमालयीन मोहिमेच्या तयारीविषयी. ही तयारी माझ्या घराच्या पुढच्या खोलीत, जमिनीवर पसरलेल्या एका चटईवर झाली.

आमचा प्रदेश किती सपाट आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. कालव्याचे पाणी कोणत्या बाजूला वाहते आहे, हे पाहण्यासाठी त्यात गवताची काडी टाकावी लागते, आणि काडीही थोडा वेळ विचार करते. समान उंचीच्या ठिकाणांना जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा, असे मी दरवर्षी फळ्यावर शिकवीत असे. एकात एक अशी वाकडी वर्तुळे काढून मी विचारी, ‘‘डोंगर दिसला?’’ वर्ग मान डोलावी. त्यांनी डोंगर पाहिलेला नसे आणि तोवर मीही बर्फाचा डोंगर पाहिलेला नव्हता. तरी खडू खाली ठेवल्यावर त्या वर्तुळांच्या मध्यभागी मला काहीतरी पांढरे उभे राहिलेले दिसे. पुढचा तास सुरू होईपर्यंत मी ते पुसत नसे.

देशाची दारे नुकतीच उघडली होती ते दिवस. आमच्या गल्लीत गच्चीवरून गच्चीवर केबलच्या काळ्या तारा आल्या होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एस.टी.डी.च्या पिवळ्या पाट्या लागल्या होत्या आणि महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये माणसे शेअरविषयी बोलू लागली होती. अशा एका वर्षी पापनाशमचे एक निवृत्त सुभेदार आमच्या महाविद्यालयात पारदर्शिका दाखवायला आले. तेही आमच्यासारखेच, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मातीत मुरलेल्या मराठी घरातले. नोकरीची बरीच वर्षे त्यांनी बर्फात काढली होती. दोन मोठ्या मोहिमांत ते वरच्या तळापर्यंत सामान घेऊन गेले होते आणि दोन्ही वेळा शिखरासाठी दुसऱ्यांना पुढे पाठवून मागे फिरले होते. हे त्यांनी कसलीही कडवटपणाची छटा न आणता सांगितले. शेवटच्या चित्रात गढवालातले एक शिखर होते, सहा हजार मीटरांहून थोडे उंच. ‘‘हें मला अजून एकदां करून पाहायचं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘वय झालं. ह्यापुढे शरीर ऐकणार नाहीं. कोण येतंय?’’

अंधारात हात वर झाले. माझाही झाला होता, कोपरापर्यंत. पण प्रोजेक्टर मीच चालवीत होतो, आणि दिव्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचा हात कोणाला दिसत नाही.

त्या हातांपैकी चार हात पुढे टिकले. सरकारी इस्पितळातले एक डॉक्टर, वीज मंडळातले एक अभियंता, बँकेतले एक अधिकारी आणि तिरुवैयारूचे एक नागस्वरवादक. या शेवटच्या गृहस्थांच्या श्वासाविषयी कोणालाच शंका नव्हती. एका दमात ते देवळाची अर्धी प्रदक्षिणा वाजवीत. सुभेदार धरून पाच झाले. मी नकाशे मोठे करून देईन, एवढेच मी सुभेदारांना म्हणालो. आमच्याकडे शिक्षकाला सगळेच ‘सार’ म्हणतात. सुभेदार म्हणाले, ‘‘सार, नकाशा तुमचा, हिशोबही तुमचा. माझं डोकं पायांत आहे.’’

मग दर रविवारी दुपारी ते पाचजण माझ्या घरी येऊ लागले. एका जुन्या नियतकालिकातल्या वीतभर रेखाचित्रावरून मी पारदर्शी कागदावर चौपट मोठा नकाशा काढला होता. तो चटईवर पसरायचा, चार कोपऱ्यांवर कॉफीचे चार पेले ठेवायचे. पंख्याच्या वाऱ्याने हिमनदी मध्येच फुगे आणि पुन्हा खाली बसे. बाहेर शेवग्याच्या झाडावर ऊन स्थिर असे. रेल्वेच्या रुळांकडून एखादी शिट्टी येई. सुभेदार बोट ठेवून सांगत, ‘‘इथे तळ. इथून दोन दिवस वर, पहिला तंबू,’’ आणि त्यांचे बोट चालू लागले की खोलीतले सगळे आवाज दूर जात. मी त्या बोटाच्या मागे मागे जात असे. मला माझ्या पावलाखाली बर्फ कुरकुरताना ऐकू येई. वास्तविक तो आवाज कधी ऐकलेला नसल्यामुळे मी त्याला भिजलेल्या वाळूचा आवाज दिलेला होता.

मला शिखराची आस नव्हती, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. माझ्या मनातल्या चित्रात दोराला बांधलेली माणसे एका पांढऱ्या उतारावरून चाललेली असत आणि त्यांतला शेवटचा माणूस मी असे. शेवटच्याने काय करायचे असते, हे मी सुभेदारांकडून ऐकले होते. कोणी घसरला तर दोर धरायचा, कोणी थकला तर त्याला घेऊन उतरायचे. एवढे काम मला जमेल, असे मला मनापासून वाटत होते. ते बोलून दाखवणे मात्र जमत नव्हते. मी बेचाळीस वर्षांचा होतो, चष्मा लावत होतो, आणि ‘मीही येतो’ हे दोन शब्द मी कोणत्याही भाषेत, कोणत्याही बाबतीत, कधी उच्चारलेले नव्हते.

सरावासाठी उंची नव्हती, म्हणून सुभेदारांनी वाळू निवडली. वैशाखात तिरुवैयारूला कावेरीचे पात्र कोरडे पडते. पाठीवर भाताचे पोते बांधून त्या वाळूतून सकाळी दोन तास चालायचे, असा त्यांचा नियम. मीही जाऊ लागलो. ‘‘पोती सारख्या वजनाची आहेत का, ते पाहतो,’’ असे सांगून मीही एक पोते घेतले आणि सर्वांच्या मागून चालू लागलो. घाटाच्या पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून पाहत.

‘‘काय ओ, गिरणी बंद झाली कां?’’ त्यांतल्या एकीने तमिळमध्ये विचारले.

‘‘गिरणी वर आहे, आई,’’ नागस्वरवाले ओरडले. ‘‘आकाशात!’’

डॉक्टरांनी सर्वांच्या छात्या तपासल्या तेव्हा मी नोंदवहीत आकडे लिहून घेत होतो. शेवटी ते म्हणाले, ‘‘सार, आलाच आहात तर शर्ट काढा.’’ त्यांनी बराच वेळ ऐकले आणि म्हणाले, ‘‘हे हृदय तर कधी वापरलेलंच नाहीं. नवं आहे.’’ सगळे हसले. माझेही प्रमाणपत्र त्यांनी लिहून दिले. ते घडी घालून मी नकाशाच्या नळीत ठेवले.

जेवणाच्या प्रश्नावर तीन रविवार गेले. जसजसे वर जावे तसतसे पाणी कमी तापमानाला उकळते, त्यामुळे वर डाळ शिजत नाही आणि उकडा तांदूळ तर जन्मभर शिजणार नाही, हे मी फळ्यावर समजावतो तसे समजावले.

‘‘सांबार नाहीं?’’ वीजवाले म्हणाले.

‘‘नाही.’’

‘‘दहीभात तरी?’’ नागस्वरवाल्यांनी विचारले.

‘‘त्या थंडीत दही लागणार नाही.’’

‘‘मग एवढं वर जाऊन खायचं काय? परत येऊंया आत्तांच.’’

शेवटी पोहे, वाळवलेली शेवई, नुकतीच दुकानांत आलेली झटपट शिजणारी परदेशी सूपची पाकिटे आणि, त्यांच्या समाधानासाठी, पाण्यात कालवायची रसमची पूड, असे ठरले. बँकवाले या परदेशी पाकिटांवर बेहद्द खूश होते. ‘‘आता सगळं उघडलं आहे, सार. हिमालय तेवढा मागे कशाला?’’

स्लीपिंग बॅगच्या परीक्षेचा प्रसंग मला अजून स्वप्नासारखा आठवतो. उत्तरेकडून नमुन्याला एक बॅग आली होती. तंजावूरच्या मे महिन्यात तिची परीक्षा घ्यायची कोठे? सुभेदारांनी बर्फाच्या कारखान्याच्या मालकाची परवानगी मिळवली. भर दुपारी आम्ही सहाजण त्या जाड दारातून आत गेलो. लाद्यांच्या दोन रांगांमध्ये, भुशावर ती बॅग अंथरली. एकेकाने दहा मिनिटे पडायचे आणि मी घड्याळ धरायचे. मालक कमरेवर हात ठेवून दारात उभा होता. ‘‘आजवर मासे ठेवले,’’ तो म्हणाला, ‘‘माणसं पहिल्यांदांच ठेवतोय.’’

पाचांचे झाल्यावर सुभेदार मला म्हणाले, ‘‘तुम्ही, सार.’’ मी चष्मा काढून आत शिरलो. चेहऱ्यापुढे लाद्यांची निळसर भिंत होती आणि तिच्या पोटात बारीक पांढऱ्या रेषा वर वर गेलेल्या होत्या. चष्म्याशिवाय त्या मला दऱ्यांसारख्या दिसू लागल्या. कोठेतरी थेंब पडत होता. दुसऱ्या तंबूत असाच आवाज येत असेल, असे मनात आले. मग तंबूच आला, मग बाहेरचा वारा. मला झोप लागली. अर्धवट जागा झालो तेव्हा सुभेदारांचा दबका आवाज आला. ते डॉक्टरांना सांगत होते, ‘‘उठवूं नका. वर झोप लागणं हेंच सगळ्यांत कठीण. हा माणूस चालेल.’’

त्या तीन शब्दांवर मी पुढचे चार आठवडे तरंगत होतो. मला वाटले, ठरले. कोणाला विचारायचे नाही, कोणाला सांगायचे नाही, आपोआप ठरून गेले. अशा रीतीने मोठ्या गोष्टी ठरत असतील तर जग किती दयाळू आहे, असे मनात येई, आणि मी दुपारच्या तासाला फळ्यावर नको तितक्या उंच रेषा काढून ठेवी.

आता यादीविषयी सांगतो. त्याआधी माझ्या वडिलांविषयी दोन वाक्ये लिहिली पाहिजेत. आमच्या मराठी घरांतल्या लग्नामुंजींच्या जेवणावळी ते बसवून देत. पंगतीचा अंदाज काढताना ते म्हणत, ‘‘पाने किती?’’ आणि मी पाटीवर आकडा लिहीत असे. त्यांचा एक नियम होता: घरातले वाढणारे पानांत धरायचे नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक जिन्नसात एक माप वरचे घालायचे. ते शेवटी बसतात, पण आकड्यात येत नाहीत. वाढणाऱ्याने स्वतःला मोजणे आमच्याकडे अशोभनीय मानले जाई. वडील गेले तरी माझ्या घरात ही पद्धत तशीच होती आणि ती पद्धत आहे हेही मला कधी जाणवलेले नव्हते.

जूनच्या सुरुवातीला मी अठ्ठावीस दिवसांच्या अन्नाची, इंधनाची आणि ओझ्यांची यादी पूर्ण केली. प्रत्येक दिवसाला एक पृष्ठ. पहिल्या पृष्ठाच्या माथ्यावर मी सुबक अक्षरात लिहिले, ‘पाने पाच’, आणि खाली प्रत्येक जिन्नसात एक माप वरचे धरले. ती वही सुभेदारांना दिली तेव्हा त्यांनी पहिले पृष्ठ पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा पृष्ठाकडे पाहिले.

‘‘पांच?’’ ते म्हणाले.

‘‘पाच,’’ मी म्हणालो.

‘‘सरी,’’ ते म्हणाले आणि वही पिशवीत ठेवली. त्या ‘सरी’चा, म्हणजे ‘बरं’चा, सूर मला जरा उतरल्यासारखा वाटला, पण मी त्या वेळी पहिल्या तळावर होतो, फार लक्ष दिले नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी माझी पत्नी नकाशाची नळी पुसत होती. तिच्या हाताला डॉक्टरांचे ते प्रमाणपत्र लागले.

‘‘ओ, हें तुमचं इथेंच राहिलं आहे. डोंगराच्या परवानगीचा अर्ज जायचा होता ना दिल्लीला?’’

‘‘सुभेदार मागतील तेव्हा देईन.’’

‘‘नांवं किती घातलींत अर्जांत?’’

‘‘ते सुभेदार घालतात. मी यादी दिली. पाने पाच.’’

ती थांबली. तीही आमच्यातलीच, तिला अर्थ सांगावा लागला नाही. ‘‘वाढणारा कोण धरलात?’’ तिने विचारले.

‘‘मीच.’’

‘‘सुभेदार वीस वर्षं पलटणींत जेवले, ओ. तिकडे पंगत नसते. तिकडे पांच म्हणजे पांच.’’

मी पायांत चपला घालून पापनाशमची बस पकडली. बसभर मी एक वाक्य जुळवीत होतो आणि प्रत्येक थांब्यावर ते विस्कटत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुरुवै हंगामातल्या भाताची लावणी चालली होती. पाण्यात आकाश पडलेले होते, आणि त्या आकाशात गुडघ्यापर्यंत उतरलेल्या बायका रोपे खोचीत मागे मागे सरकत होत्या. इतर कोणत्याही दिवशी मी त्या दृश्यात तासभर हरवलो असतो.

सुभेदार शेतात होते. बांधावरचा पंप जोरात चालू होता. मी जवळ जाऊन बोललो. त्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा बोललो. त्यांनी मान हलवली.

‘‘काय? मोठ्यानं!’’

‘‘मी येतो!’’ मी ओरडलो. ‘‘मीही येतो! डोंगरावर! मला यायचं होतं!’’

लावणीच्या बायका एका ओळीत ताठ उभ्या राहिल्या. सुभेदारांनी पंप बंद केला.

‘‘मग पांच कां लिहिलंत?’’ त्यांनी विचारले.

मी पानांचे सांगितले. वाढणाऱ्याच्या वरच्या मापाचेही सांगितले. ते बांधावर खाली बसले. ‘‘अय्यो, सार,’’ ते म्हणाले, ‘‘आमच्या घरींही असंच मोजायचे. लहानपणीं. मी विसरलोंच. मला वाटलं, सारांनी मन बदललं. घरचे नको म्हणाले असतील.’’

‘‘मला विचारायचं होतं.’’

‘‘कसं विचारणार? नको म्हणणाऱ्याला पुन्हा विचारलं, तर त्याला दोनदां नको म्हणावं लागतं. तुम्ही मोठे शिकलेले. तुम्हांला लाजवायचं कशाला?’’ मग ते म्हणाले, ‘‘मला सहा पाहिजे होते. तीन-तीनचे दोन दोर. बर्फाच्या कारखान्यांतच मी तुम्हांला माझ्या दोरावर घेतलं होतं, शेवटीं. आतां एक दोर दोघांचा.’’

अर्ज सहा दिवसांपूर्वीच गेला होता. आम्ही दोघे बस थांब्याजवळच्या एस.टी.डी. बूथमध्ये गेलो. काचेच्या त्या पेटीत एकाच माणसाला उभे राहता येत होते. सुभेदार आत आणि मी दाराला टेकून. दिल्लीतल्या कचेरीतला आवाज सौम्य होता. यादी मंजुरीला लागली होती. नाव वाढवायचे तर नवा अर्ज, आणि नवा अर्ज म्हणजे पुढचे वर्ष.

सुभेदारांनी रिसीव्हरवर हात ठेवला. ‘‘पुढच्या वर्षीं जाऊंया, सार. मी थांबतों.’’

त्यांच्या गुडघ्यांचे मला माहीत होते. वाळूत चालून झाल्यावर कोणी पाहत नाही असे बघून ते घाटावर बसून गुडघे चोळीत. इतरांच्या रजा मंजूर झाल्या होत्या. मी म्हणालो, ‘‘नाही. तुम्ही जा.’’ हे मात्र मला एकदाच आणि स्पष्ट म्हणता आले.

ऑगस्टच्या अखेरीला मद्रासच्या गाडीने ते पाचजण गेले. नागस्वरवाल्यांच्या घरच्यांनी फलाटावर त्यांना एवढे हार घातले की डबा शोधताना ते चाचपडत होते. मूळ वही सुभेदारांजवळ, तिची झेरॉक्स माझ्याजवळ. त्यानंतरचे दिवस मी दोन ठिकाणी राहिलो. सकाळी पृष्ठ उघडायचे, आज कोठे, काय खाल्ले, किती रॉकेल उरले ते वाचायचे आणि महाविद्यालयात जायचे. वर्गात नद्यांविषयी बोलता बोलता मी थांबे. वहीप्रमाणे त्या वेळी ते उतारावर असत. संध्याकाळी अंगणात बसलो की शेवग्याच्या फांद्यांमधून पांढरी धार दिसू लागे आणि तिच्यावरून मुंग्यांसारखी माणसे जात. मी मोजत असे. स्वप्नात ती सहा असत. मी शेवटी चाललेला असे, हातात दोराचा ओलसर, जड स्पर्श. पत्नी काही विचारी, आणि मी इतक्या लांबून उत्तर देई की ती हसून आत जाई.

एकोणिसावे पृष्ठ शिखराचे होते. त्या दिवशी दुपारी मी घड्याळाकडे पाहून म्हणालो, ‘‘पोचले.’’ पत्नीने केशर घालून शिरा केला. आम्ही दोघांनी खाल्ला. मला इतके शांत वाटले होते की त्या रात्री मला स्वप्नच पडले नाही.

ऑक्टोबरात ते परतले. काळवंडलेले, नाकांची साले निघालेली. पुढच्या रविवारी सुभेदार एकटेच आले. मी चटई घातली, नकाशा पसरला. त्यांनी खिशातून हात काढून तर्जनी ठेवली आणि पूर्वीसारखी चालवू लागले. पहिला तंबू, दुसरा, तिसरा. तिसऱ्याच्या पुढे, माथ्याच्या अगदी खालच्या दोन समोच्च रेषांमध्ये बोट थांबले.

‘‘इथून मी परतलों,’’ ते म्हणाले.

दोर दोन होते. पुढच्या तिघांचा वर गेला आणि पोचला. मागच्या दोरावर सुभेदार आणि नागस्वरवाले होते. त्या पहाटे नागस्वरवाल्यांचे डोके भयंकर दुखू लागले, पावले वाकडी पडू लागली, आणि ज्या श्वासाची कोणालाच शंका नव्हती तो पुरेना. त्यांना ताबडतोब खाली नेणे भाग होते. वर माथा स्वच्छ दिसत होता, दीड तासावर.

‘‘आतां बरे आहेत. सकाळीं भेटलों, वाजवत होते,’’ सुभेदार म्हणाले. ‘‘आणि सार, तुमची यादी! साखर शेवटच्या दिवसापर्यंत पुरली. एक माप वरचं होतं ना.’’

मी विचारले, ‘‘सहावा असता तर?’’

पंख्याने कागद उचलला, त्यांनी तो तळहाताने खाली बसवला.

‘‘तर तो त्यांना घेऊन उतरला असता,’’ ते म्हणाले. ‘‘मी पुढच्या दोराला जोडून घेतलं असतं.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘कॉफी आहे कां, सार?’’

त्यानंतर ते डोंगरावर गेले नाहीत. गुडघ्यांनी त्यांना शेतातही फार काळ साथ दिली नाही. आमचे रविवार पुढे पुष्कळ वर्षे चालू राहिले. ते पापनाशमहून येत, आम्ही दुसरेच काहीतरी बोलत. त्यांनी मला दोष दिला असता तर मी त्याचे उत्तर तयार ठेवले होते. त्यांनी तो कधीही दिला नाही. माझी चूक मला ठाऊक आहे आणि ती मी कमी करून सांगत नाही. पण चटईवर समोरासमोर बसलेल्या त्या दोघांना मी अजून पाहतो. एक म्हणतो ‘पाच’, दुसरा म्हणतो ‘पाच’, आणि दोघेही एकमेकांचा मान राखतात. तिथे कोणीतरी एकाने उद्धटपणा करून आणखी एक वाक्य बोलायला हवे होते. ते माझेच काम होते, याविषयी मला शंका नाही. त्यांच्या बाजूचे मात्र मला आजही ठरवता येत नाही, म्हणून आपल्याला विचारतो. एखादा माणूस न बोलता मागे सरला आहे असे आपल्याला वाटले, तर आपण त्याला विचारता का?